आईचं नाक

आमच्या घरी कधी कांदा विकत आणल्याचं मला आठवत नाही. मखमलाबादच्या पुढे, जिथे मळे आणि नव्या इमारती एकमेकांत घुसल्या आहेत, तिथे आमचं तीन खोल्यांचं घर आहे आणि घरामागे थोडी मोकळी जागा. आईचं माहेर लासलगावच्या बाजूचं. लग्न होऊन इकडे आली तेव्हा तिने घर बघायच्या आधी मागची माती बघितली, असं अप्पा सांगायचे. अप्पा माझे वडील. भांडीबाजारात तांब्यापितळेच्या दुकानात त्यांनी जन्मभर नोकरी केली. मातीतलं त्यांना काही कळत नव्हतं आणि कळतं असा आवही ते आणत नसत. आई म्हणाली पाणी धरा, की पाणी धरायचे. आई म्हणाली बाजूला व्हा, की बाजूला व्हायचे.

दसरा झाला की आई उळं टाकायची, म्हणजे कांद्याचं बी पेरायची. रोप वीतभर वाढलं की थंडीत ते वाफ्यांत लावायचं. मग निंदणं, पाणी, पातीवर करपा येतो का त्याच्यावर लक्ष. होळीनंतर पातीच्या माना पडायला लागल्या की ती पाणी बंद करायची आणि चैत्राच्या उन्हात कांदा उपटून पातीसकट सुकायला पसरायची. सुकला की बोटभर मान ठेवून पात कापायची आणि कांदा चाळीत भरायचा. ही चाळ अप्पांनी केलेली. जुन्या पलंगाच्या पट्ट्या आणि जाळी ठोकून बनवलेला, विटांवर उभा केलेला एक लांबट पिंजरा, वर पत्रा, चारी बाजूंनी वारा जाईल असा. त्यात आमचा तीन-चार गोण्या कांदा मावायचा आणि दिवाळीपर्यंत पुरायचा; पुढे नवा येईपर्यंत वाफ्यातल्या पातीवर भागायचं.

पुरायचा तो आईच्या नाकामुळे. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की ती मागे जायची, चाळीसमोर उकिडवी बसायची आणि पट्ट्यांना चेहरा लावून वास घ्यायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जायची. मध्येच थांबायची, कोपरापर्यंत हात आत घालायची आणि एक कांदा बाहेर काढायची. वरून तो चांगला दिसायचा. दाबला की अंगठा आत जायचा.

"आज काढला नाय तर आजूबाजूचे समदे घेऊन जाईल," ती म्हणायची आणि तो भिंतीपलीकडच्या खड्ड्यात भिरकावून द्यायची.

अप्पा खुर्चीत बसून बघायचे. "आमच्या मालकाला हे नाक दाखवू नको," म्हणायचे, "माझ्याऐवजी तुलाच कामावर ठेवून घेईल."

मी तेव्हा शाळेत शिकवत होते, अजूनही शिकवते. लग्न मोडल्यापासून आई-अप्पांकडेच राहते. मला मागच्या वाफ्यांत कधी फारसा रस नव्हता. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं, एवढाच माझा त्याच्याशी संबंध.

करोनाची दुसरी लाट आली त्या वर्षी कांदा चांगला आला होता. एकसारखा, मुठीत मावेल एवढा, घट्ट. आईने तो उपटून पसरला आणि त्याच आठवड्यात अप्पांना ताप भरला. मग आईला. अप्पांना बोलताना धाप लागायला लागली तेव्हा मी फोन करत सुटले. शेवटी दोघांना एकाच दवाखान्यात जागा मिळाली, पण वेगवेगळ्या मजल्यांवर. गाडीत बसताना आई मला एवढंच म्हणाली, "कांदा झाकायला ताडपत्री बाथरूमच्या मागं हाय." अप्पांनी हात वर केला, आणि दार लागलं.

मलाही बारीक ताप होता. घरातून बाहेर पडायची बंदी होती. दवाखान्यात जाता येत नव्हतं, गेलं तरी वर सोडत नव्हते. फोनवर दिवस काढायचे. त्यात एका दुपारी आभाळ काळं झालं आणि अवकाळी पाऊस आला. मी ताडपत्री घेऊन धावले. एका बाजूने धरली की वाऱ्याने ती दुसऱ्या बाजूने उडायची. कपाटातल्या जुन्या साड्या, चादरी, जे हाताला लागेल ते आणून कांद्यावर टाकलं. तरी निम्म्याहून जास्त भिजला.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. शेजारच्या काकू भिंतीपलीकडे उभ्या राहिल्या. तोंडाला पदर, त्याच्यावर आणखी एक रुमाल. आमच्याकडे यायला त्या भीत होत्या, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मीही भ्यायले असते.

"उलटापालटा कर गं," त्या तिकडून ओरडल्या. "ओली बाजू उन्हाला दे. आणि कापताना पार बुडापासून कापू नको. मान ठेव बोटभर. पाणी शिरतं नाहीतर."

मी तसं केलं. उन्हात बसून, विळ्याने, एकेक. खिशात फोन. आईला श्वासाचं मशीन लावलं होतं, तिला जास्त बोलता येत नव्हतं. अप्पांच्या मजल्यावरचा फोन लागायचाच नाही. लागला त्या दिवशी माझ्या हातात पात होती. पलीकडून एका बाईने आधी माझं नातं विचारलं आणि मग सांगितलं.

अमरधाममध्ये मी चितांपासून लांब उभी होते. कोण कुठलं, ओळखू येत नव्हतं. सगळे सारखेच गुंडाळलेले. एका माणसाने नाव पुकारलं तेव्हा मी हात वर केला, एवढंच मला नीट आठवतं. घरी आले, अंघोळ केली आणि काय करावं ते सुचेना म्हणून मागे जाऊन उरलेला कांदा कापला. अंधार पडेपर्यंत सगळा चाळीत भरून टाकला. तो पुरता सुकलेला नव्हता हे आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं आणि सांगणारं घरात कुणी नव्हतं.

आईला इतक्यात सांगू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. तिला घरी आणायला रिक्षा घेऊन गेले. ती निम्म्याने वाळली होती. रिक्षात ती माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होती. मखमलाबादचा चौक गेल्यावर म्हणाली, "कधी?"

मी सांगितलं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "तू फोनवर त्यांचं काहीच बोलत नव्हतीस. जेवले का, झोपले का, काहीच नाय."

ती रडली नाही. घरी आल्यावर पाय धुतले, भिंतीला धरून सावकाश मागच्या दारी गेली आणि चाळीसमोर बसली. पट्ट्यांना चेहरा लावला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेली. मग मान वळवून मला म्हणाली, "कांदा भरलाच नाय का यंदा?"

"भरलाय की. काठोकाठ आहे, आई. समोर दिसतोय ना."

तिने पुन्हा चेहरा लावला. जोरात श्वास घेतला, त्याने खोकल्याची उबळ आली. खोकला थांबल्यावर म्हणाली, "कायच नाय. माती नाय, कांदा नाय. कायच येत नाय."

तेव्हा वास जाणं ही त्या दुखण्यातली सगळ्यांत किरकोळ गोष्ट समजली जायची. येईल परत, सगळ्यांचाच येतोय, असं जो तो म्हणत होता. मीही तेच म्हटलं.

पण तो आला नाही. पावसाळा सुरू झाला. आई सवयीने रोज संध्याकाळी चाळीपाशी जाऊन बसायची. वास घ्यायची आणि नुसतीच उठून यायची. मग ती मला हाका मारायला लागली. "ये, तू बघ." मी तिच्याशेजारी उकिडवी बसायचे. मला वास यायचा, पण कुठून येतोय ते कळायचं नाही. सगळीकडूनच आल्यासारखा वाटायचा.

"इथं?" आई विचारायची.

"असेल."

"असेल म्हणजे काय? येतोय का नाय?"

"येतोय. पण तिकडेही येतोय."

एक दिवस पट्ट्यांमधून काळं पाणी ठिबकायला लागलं. चिलटांचा ढग उठला. आम्ही दोघींनी चाळ उपसली. वरचा थर चांगला होता. खाली, जो भिजलेला कांदा मी भरला होता, त्याचा एकच चिखल झाला होता. हात घातला की आत गरम लागायचं. मी दोनदा बाजूला जाऊन आले. आई मात्र कोपरापर्यंत हात बुडवून शांतपणे तो चिखल घमेल्यात काढत होती. चिलटं तिच्या तोंडावर बसत होती. इतका वास गल्लीत पसरला की काकूंनी खिडक्या लावून घेतल्या, आणि आई त्याच्या मधोमध बसून, तांदूळ निवडावेत तशी, चांगला कांदा वेगळा करत होती. त्या दिवशी मला तिची पहिल्यांदा भीती वाटली.

एव्हाना स्वयंपाकघरातही तेच चाललं होतं. दूध उतू जाऊन, जळून, पातेलं काळं पडलेलं आणि ती ओट्यापाशीच उभी, कोथिंबीर निवडत. मी धावत जाऊन गॅस बंद केला की आधी ती दचकायची आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला बघवायचं नाही. फोडणी करपली की नाही हे ती मला विचारून ठरवायची. मी ऑनलाइन वर्ग घेत असायचे. बाहेरून हाक यायची, "झालं का बघ गं!" आणि मी मुलांना थांबायला सांगून उठायचे.

कांदेनवमीला मी भजी केली. घरात चातुर्मास कुणी पाळत नव्हतं, पण त्या दिवशी भजी व्हायचीच, अप्पांना लागायची. आईने एक खाल्लं. सावकाश, खूप वेळ चावून.

"कसं झालंय?"

"गरम हाय," ती म्हणाली.

त्याच सुमाराला मला तिच्या उशीखाली अप्पांचा शर्ट सापडला. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्यांनी काढून खुंटीला अडकवलेला, न धुतलेला. चादर बदलताना मी तो उचलला आणि ती दारात उभी होती.

"राहू दे तिथंच," ती म्हणाली. मग जवळ आली. "तू बघ जरा. येतोय का अजून?"

काय येतोय, ते तिने सांगितलं नाही. दुकानातली भांडी चिंचेने घासून अप्पांच्या अंगाला चिंचेचा आणि पितळेचा वास असायचा, कितीही अंघोळ केली तरी. मी शर्ट नाकाला लावला. त्याला उशीचा, कपाटाचा, दमट भिंतीचा वास होता. बाकी काही नव्हतं.

"येतोय," मी म्हटलं.

"चिंचेचा?"

"हो."

तिने तो माझ्या हातून घेतला, घडी घातली आणि परत ठेवला. नंतर मधूनमधून ती मला विचारायची आणि मी हो म्हणायचे. पुढे तिने विचारणं बंद केलं. तिला कळलं होतं की नाही, माहीत नाही.

गणपती होऊन गेल्यावर शाळा हळूहळू उघडायला लागली होती. आम्हा शिक्षकांना जावं लागे. एके सकाळी मी निघायच्या घाईत असताना आई आतून आली. डोळे मोठे झालेले.

"आला," ती म्हणाली. "वास आला मला."

मी पिशवी खाली ठेवली. "कशाचा?"

"कशाचा ते नाय कळलं. पण आला. कायतरी आलं."

त्या दिवशी शाळेत मी सगळ्यांना सांगितलं. येताना पंचवटीतून तिच्यासाठी सोनचाफ्याची फुलं घेतली. घरी पोचले तर काकू फाटकापाशीच उभ्या होत्या.

"काय झालंय तुझ्या आईला? चांगला कांदा फेकून दिला सगळा."

मागच्या भिंतीपलीकडच्या खड्ड्यात कांद्याचा ढीग पडला होता. लालसर, कोरडा, हातात धरला की वरची साल खुळखुळावी असा. चाळ रिकामी होती. आई मागच्या पायरीवर डोकं धरून बसली होती.

"समदा सडला," ती म्हणाली. "एक पण चांगला नाय निघाला. कसा सडला गं? परवापर्यंत चांगला होता ना?"

मी खड्ड्यातून दोन कांदे उचलून आणले. "हे बघ आई, चांगले आहेत. दाबून बघ."

तिने दाबलं. घट्ट होते. ती गोंधळली. मी विळीवर एक चिरला आणि तिच्यासमोर धरला. आतून पांढराशुभ्र, रसरशीत. ती उठली आणि मोरीपर्यंतही पोचली नाही. दारातच उलटी झाली.

सोनचाफ्याचाही तोच वास येतो म्हणाली. सडल्याचा.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आजारात वासाच्या नसा मरतात, नव्या येतात, पण येताना कधी कधी चुकीच्या जोडल्या जातात. मग चांगल्या वस्तूला घाण वास येतो. कांदा, लसूण, तळण, कॉफी यांचा जास्त. सुधारेल का? सुधारू शकेल. कधी? ते सांगता येत नाही. त्यांनी निरनिराळ्या वासांच्या कुप्या रोज हुंगायला दिल्या. आई इमानाने हुंगायची आणि नंतर बराच वेळ पाणी पीत बसायची.

घरातून कांदा गेला. लसूण गेला. फोडणी गेली. मी भाज्या नुसत्या मीठ-हळद घालून वाफवायचे. आई थंड भात-दही खायची, उकडलेला बटाटा खायची, आणि पुढे तेही नको म्हणायची. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या. एकदा रविवारी मी न्हाऊन तिच्याजवळ बसले, लहानपणी बसायचे तशी, केस विंचरून दे म्हणून. तिने फणी घेतली. केसांत दोन-तीनदा फिरवली आणि थांबली. मी मागे वळून पाहिलं तर तिने तोंड भिंतीकडे केलं होतं आणि श्वास कोंडून धरला होता.

"तुझा दोष नाय गं," ती म्हणाली. "शाम्पूचा असंल."

त्यानंतर मी तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसायला शिकले.

दसरा झाला. मी धरून चालले होते की यंदा मागची जमीन पडीक राहणार. पण एका सकाळी आई कुदळ घेऊन वाफे करताना दिसली.

"कशाला लावतेस? खाणार कोण?"

"तू खा," ती म्हणाली. "काकूला दे. जमीन मोकळी ठेवून काय करू? दिवसभर तिच्याकडं बघत बसू?"

ती निंदायला बसायची तेव्हा नाकातोंडाला ओला पदर घट्ट बांधायची. पातीला धक्का लागला, एखादं पान मोडलं की उठून लांब जायची, कुंपणाला धरून उभी राहायची आणि परत येऊन बसायची. हे तिने थंडीभर केलं. मी सुट्टीच्या दिवशी मदत करायचे.

चैत्रात अप्पांचं वर्षश्राद्ध आलं. माझे मामा-मामी निफाडहून आले. श्राद्धाच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतोच. गवारीची भाजी, कढी, वडे, आमसुलाची चटणी, खीर. मामी म्हणाली, तुम्ही बसा वन्सं, मी करते. पण आईने पदर खोचला आणि सगळा स्वयंपाक स्वतः केला. वडे तळायचे तेवढे मामीवर सोपवून ती अंगणात जाऊन उभी राहिली. स्वतः स्वयंपाक करताना तिने हाक मारून मला वास-चव बघायला बोलावलं नाही असा वर्षभरातला तो एकच दिवस. अर्थात श्राद्धाचा स्वयंपाक चाखत नाहीत, म्हणूनही असेल.

कावळा पानाला लवकर शिवला. मग पंगत बसली आणि आई जेवली. कढीभात जेवली, पुन्हा मागून घेतला. मामा तिच्याकडे बघत होते, मी बघत होते. भात कालवता कालवता ती रडायला लागली. रिक्षात, घरी आल्यावर, दहाव्याला, तेराव्याला, कधीही न रडलेली बाई, हाताला कढी लागलेली, तशीच मोठ्याने रडली. मामी तिला धरायला उठली तर मामांनी तिला खुणेने खाली बसवलं.

त्या वर्षीचा कांदा मी एकटीने काढला. आई स्वयंपाकघराच्या बंद खिडकीमागून काचेवर टकटक करून खुणेने सांगायची. हा नाही, तो. अजून वाळू दे. मान ठेव. निम्मा काकूंकडे दिला, थोडा मामांबरोबर पाठवला. चाळीत एक गोणीच भरली आणि त्यातला निम्मा कोंब येऊन वाया गेला, कारण संध्याकाळी मागे जाऊन बसायला कुणी नव्हतं. मला ते जमलं नाही.

आता त्याला काही वर्षं झाली. आईचं बरंचसं परत आलं आहे. दूध लागल्याचं तिला कळतं. माती, उदबत्ती, पावसाची हवा, हे कळतं. माझ्या केसांजवळ ती श्वास धरत नाही. कांदा मात्र सुधारला नाही. डॉक्टरांकडे जाणं आम्ही सोडून दिलं. उळं ती दरवर्षी टाकते, दोनच वाफ्यांचं.

मला कांदा खायचा झाला की मी ताट घेऊन मागच्या पायरीवर बसते आणि दार ओढून घेते. जेवून झालं की साबणाने हात धुते, चूळ भरते, मग आत जाते. मागच्या आठवड्यात अशीच बसले होते. भाकरी, पिठलं आणि यंदाचा पहिला कांदा. दाराच्या आतल्या बाजूला पावलं वाजली आणि थांबली.

"यंदाचा काढलास का?" आईचा आवाज आला.

"हो."

"तिखट हाय का?"

"नाही. गोड आहे थोडा."

"पाणी जास्त झालं असंल मग," ती दाराआडून म्हणाली. मग पावलं आत गेली.